न्यूयॉर्क प्रायमरीची पाच पसंतींची मतपत्रिका: वापरून झाली, आता सांगते कशी आहे

आधीच सांगते, हा रिव्ह्यू कुठल्या उमेदवाराचा नाहीये. माझा पहिला नंबर कोणाला गेला ते मी सांगणार नाही, कारण ते एकदा तोंडातून बाहेर पडलं की बाकी सगळं बाजूला राहतं आणि बोलणं त्याच्यावरच घसरतं. मला बोलायचंय ते त्या कागदाबद्दल. न्यूयॉर्क शहराच्या प्रायमरीत (म्हणजे नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीआधी पक्षाचा उमेदवार ठरवायला होणारी निवडणूक) आपल्या हातात जी मतपत्रिका देतात, जिच्यावर एकाऐवजी पाच जणांना १, २, ३ असे नंबर देता येतात, ती मतदार म्हणून आपल्याला काय देते, काय देत नाही, आणि ती भरताना डोकं कुठे चालवायचं आणि कुठे अजिबात चालवायचं नाही, एवढंच. २०२१ आणि २०२५, दोन्ही महापौर प्रायमरींत मी ती भरलीये. माझ्याकडून ५ पैकी ४ स्टार.

ज्यांनी पाहिली नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. २०१९च्या नोव्हेंबरमध्ये शहरात सार्वमत झालं, जवळपास तीन चतुर्थांश मतदार हो म्हणाले आणि २०२१पासून ही पद्धत सुरू झाली, इथे तिला रँक्ड चॉइस म्हणतात. महाराष्ट्रात पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघाची मोजणी ज्यांनी फॉलो केलीये त्यांना यात नवीन काही वाटणार नाही, पहिल्या पसंतीची मतं, दुसऱ्या पसंतीची मतं, तळाचा बाद, त्याची मतं पुढे, तसंच साधारण. मतपत्रिकेवर उमेदवारांची नावं, समोर पाच रकाने, प्रत्येक रकान्यात एक गोल काळा करायचा. पहिल्या पसंतीतच कोणी निम्म्याच्या वर गेलं तर विषय संपला. नाहीतर सगळ्यात कमी मतं असलेला बाद होतो आणि त्याची मतं ज्याच्या त्याच्या पुढच्या पसंतीकडे जातात, परत तळाचा बाद, असं दोघं उरेपर्यंत. यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की तुमचा पहिला उमेदवार जोपर्यंत शर्यतीत आहे तोपर्यंत तुमच्या दुसऱ्या नंबरकडे कोणी बघतही नाही. दुसरा नंबर दिल्याने पहिल्याचं काहीही बिघडत नाही. हे ठासून सांगायचं कारण म्हणजे चांगली शिकलेली, रोज बातम्या वाचणारी माणसंसुद्धा उरलेले रकाने रिकामे सोडतात, उगाच माझ्याच माणसाला फटका बसेल म्हणून. बसत नाही. भरा.

आता या मतपत्रिकेची खरी किंमत कळायची असेल तर एकच शिक्का मारायची पद्धत मतदाराच्या डोक्याचं काय करते ते बघायला हवं, आणि त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे २०२०ची डेमोक्रॅटिक पक्षाची राष्ट्राध्यक्षपदाची प्रायमरी. त्या सीझनला ओळखीपाळखीत कोणाशीही बोला, वाक्याची सुरुवात एकच, "मला आवडते ती, पण..." मला वॉरन पटते, पण विस्कॉन्सिन-मिशिगनमधले लोक बाईला मत देतील का. मला सँडर्स पटतो, पण बाकीच्यांना तो फार डावा वाटेल. मला बुटिजज हुशार वाटतो, पण समलिंगी राष्ट्राध्यक्षासाठी देश तयार आहे का. एक्झिट पोलमध्ये मतदारांना सरळ विचारलं होतं की तुमच्या मतांशी जुळणारा उमेदवार हवा की ट्रम्पला हरवू शकेल असा, आणि बहुतेक राज्यांत जास्त लोकांनी दुसरा पर्याय निवडला. म्हणजे माणूस मतदान करतोय स्वतः, पण डोक्यात हिशोब चाललाय कुठल्यातरी लांबच्या राज्यातल्या, कधी न भेटलेल्या मतदाराचा, आणि तोही त्या मतदाराच्या मनात काय काय पूर्वग्रह असतील याचा अंदाज बांधून. मला हे खरंच खटकतं. ज्याला स्वतःला बाई उमेदवार चालते असा माणूस जेव्हा "लोकांना चालणार नाही" म्हणून तिला मत देत नाही, आणि असे हजारो जण एकाच वेळी हाच विचार करतात, तेव्हा ती हरते आणि मग सगळे म्हणतात बघा, आम्ही म्हटलं नव्हतं का.

पण त्याच प्रायमरीत दुसराही एक हिशोब चालला होता, आणि लोक या दोन्हींना एकच समजतात म्हणून सगळा घोळ होतो. पहिला हिशोब नोव्हेंबरचा, समोरच्या पक्षाला हरवेल कोण. दुसरा हिशोब प्रायमरीच्या आतला, माझं मत वाया जाणार का, मी अमक्याला दिलं तर तो तमक्याची मतं खाणार का आणि भलताच निवडून येणार का. २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनात बायडेन मोठ्या फरकाने जिंकले, १ मार्चला बुटिजज बाहेर, २ला क्लोबुचर बाहेर, दोघांचा पाठिंबा बायडेनना, आणि ३ मार्चला सुपर ट्युसडे, १४ राज्यांत मतदान, त्यातली १० बायडेनकडे. तीन दिवसांत चित्र पालटलं. आणि कॅलिफोर्निया, कोलोरॅडोसारख्या राज्यांत ज्यांनी आधीच टपालाने बुटिजजला किंवा क्लोबुचरला मत देऊन टाकलं होतं, त्यांचं काय? काही नाही. उमेदवार घरी बसला, मतपत्रिका पोचलेली, परत मागता येत नाही. शिवाय डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी) मिळायला १५ टक्क्यांची अट, त्याच्या खाली राहिलेल्या उमेदवारांची मतं तशीच हवेत. मला वाटतं मतदाराला सगळ्यात जास्त अपमानास्पद काही वाटत असेल तर ते हेच, नीट विचार करून दिलेलं मत मोजणीच्या आधीच निरर्थक झालेलं असणं.

पाच रकान्यांची मतपत्रिका नेमकी या दुसऱ्या हिशोबावर उपाय आहे, आणि त्यावर ती उत्तम चालते. (राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीतही हे अशक्य नाही बरं का, २०२०मध्ये अलास्का, हवाई, कॅन्सस आणि वायोमिंगच्या डेमोक्रॅटिक पक्षाने पसंतीक्रमच वापरला होता, १५ टक्क्यांच्या खाली राहिलेल्यांची मतं पुढच्या पसंतीकडे नेली होती. मोठ्या राज्यांनी का उचललं नाही याला मला पटेल असं कारण सापडलेलं नाही.)

२०२१ची आमची प्रायमरी म्हणजे या पद्धतीची पहिली मोठी परीक्षा. डेमोक्रॅटिक बाजूला १३ उमेदवार. पहिल्या पसंतीत एरिक ॲडम्स ३१ टक्क्यांच्या आसपास, माया वायली २१, कॅथरिन गार्सिया साधारण २०, अँड्र्यू यांग १२. मतदानाच्या आधीच्या शनिवारी यांग आणि गार्सिया एकत्र प्रचाराला निघाले, यांगने आपल्या लोकांना सांगितलं की माझ्यानंतर दुसरा नंबर गार्सियाला द्या, गार्सियाने मात्र उलट काही शब्द दिला नाही, ती फक्त सोबत फिरली. तेव्हा लोकांना ते विचित्र वाटलं होतं. पण मोजणीत यांग बाद झाला तेव्हा तिसऱ्या नंबरवरची गार्सिया वायलीला साधारण १२ हजार मतांनी मागे टाकून शेवटच्या दोघांत आली आणि शेवटी ॲडम्सकडून फक्त ७,१९७ मतांनी हरली. म्हणजे बघा, यांगच्या मतदाराला काहीही सोडावं लागलं नाही. त्याने आपला आवडता पहिला ठेवला, मत त्यालाच मिळालं, तो पडल्यावर तेच मत कामाला लागलं.

आता याच्या शेजारी २०१६ची रिपब्लिकन प्रायमरी ठेवा. साउथ कॅरोलायनात ट्रम्पना साधारण साडेबत्तीस टक्के मतं आणि डेलिगेट मिळाले सगळेच्या सगळे ५०, कारण बाकीची दोन तृतीयांश मतं पाच जणांत वाटली गेली. एप्रिलच्या शेवटी ट्रम्पना रोखायला क्रूझ आणि केसिक यांनी समझोता केला, इंडियाना तू लढव, ओरेगन आणि न्यू मेक्सिको मी लढवतो. दुसऱ्याच दिवशी केसिक म्हणाले की इंडियानातल्या माझ्या लोकांनी मला मत देऊ नये असं मी म्हटलेलंच नाही. झालं, युती तिथेच संपली, आठवड्याभरात ट्रम्प इंडियाना जिंकले आणि क्रूझ बाहेर पडले. एकच शिक्का असतो तेव्हा अशा समझोत्यात मतदाराला सांगावं लागतं की आपल्या माणसाला सोड, आणि कोणता कार्यकर्ता ते मनापासून ऐकेल? पाच रकाने असतात तेव्हा सांगायचं एवढंच, आपल्या माणसाला पहिला ठेव, आमच्या माणसाला दुसरा. ही मागणी माणूस ऐकू शकतो.

२०२५मध्ये तेच दिसलं आणि जास्त ठळक दिसलं. ११ उमेदवार. सुरुवातीपासून सर्व्हेत राज्याचे माजी गव्हर्नर अँड्र्यू क्युओमो पुढे, बाकीचे मागे. पसंतीक्रम नसता तर वसंत ऋतू सगळा "तू माघार घे, नाही तू घे" यातच गेला असता. त्याऐवजी लवकर मतदान सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, १३ जूनला, झोहरान ममदानी आणि ब्रॅड लँडर यांनी एकमेकांना पाठिंबा दिला, माझ्या लोकांनो दुसरा नंबर याला. वर्किंग फॅमिलीज पार्टी या डाव्या विचारांच्या छोट्या पक्षाने एका नावाऐवजी चार नावांची क्रमवार यादी दिली, न्यूयॉर्कच्या डाव्या डेमोक्रॅट खासदार ओकासिओ-कॉर्तेझ यांनी पाचही नंबर भरून दिले. दुसऱ्या बाजूने जेसिका रामोस यांनी स्वतः बॅलटवर असतानाच क्युओमोंना पाठिंबा दिला. आणि एक मोहीम अशीही होती जी कोणाला आणायचं यावर नव्हतीच, कोणाला पाडायचं यावर होती, क्युओमोंचं नाव पाचपैकी कुठल्याच रकान्यात लिहू नका एवढंच तिचं म्हणणं. निकाल आला, पहिल्या पसंतीत ममदानी साधारण ४४, क्युओमो ३६, लँडर ११ टक्के, आणि मतं फिरून झाल्यावर ५६ विरुद्ध ४४. तुम्हाला हा निकाल आवडो न आवडो, मतपत्रिकेने काम चोख केलं असं मी म्हणेन, लँडरला मनापासून मत देणाऱ्या सव्वा लाखभर लोकांना मत देताना "मी याला दिलं तर मतविभागणी होईल" ही भीती बाळगावी लागली नाही.

आता वापरायच्या टिप्स, कारण इथेच लोक चुकतात.

पहिला रकाना भरताना काहीही हिशोब करू नका. सर्व्हे बघू नका, हवा कोणाची आहे बघू नका, तो दोन टक्क्यांवर असला तरी देऊन टाका. तो पडला तर मत पुढे जातंय. सगळा हिशोब करायचाय तो शेवटच्या रकान्यात, आणि हे उलटं वाटतं म्हणून नीट सांगते. तुमचे पाचही उमेदवार शेवटच्या दोघांत नसतील तर तुमची मतपत्रिका मोजणीतून बाहेर पडते, शेवटच्या फेरीत तुमचं म्हणणं शून्य. २०२१मध्ये अशा बाहेर पडलेल्या मतपत्रिका सुमारे १ लाख ४० हजार होत्या, आणि ॲडम्स-गार्सिया फरक ७ हजारांचा! त्यातले सगळे काही तटस्थ नव्हते. कितीतरी जणांना त्या दोघांपैकी एक दुसऱ्यापेक्षा नक्कीच बरा वाटला असता, पण नाव लिहिलेलंच नव्हतं. २०२५मध्ये हे प्रमाण बरंच खाली आलं, पाच टक्क्यांच्या आसपास, त्यात लोकांची सवयही आली आणि शर्यत दोघांभोवतीच फिरत होती हेही आलं.

म्हणून माझी पद्धत अशी की पहिले चार मनाने आणि पाचवा डोक्याने. चार जण मला खरोखर ज्या क्रमाने आवडतात त्या क्रमाने, आणि पाचव्या जागी, शेवटच्या दोघांत येणार असं जे दोघं वाटतंय त्यांतला त्यातल्या त्यात बरा, अर्थात तो वरच्या चारात आधीच नसेल तर. आवडत नसला तरी. तो पाचवा नंबर म्हणजे त्याला दिलेला पाठिंबा नाही, "वेळ आलीच तर दुसऱ्यापेक्षा हा" एवढंच. आणि त्या दोघांपैकी जो अजिबात नको असेल त्याला कुठेच लिहू नका, "खाली ठेवला तर काय बिघडतं" हा विचार इथे धोक्याचा आहे, तुमचे बाकी सगळे पडले तर ते मत त्यालाच जाणार. अडचण एकच, शेवटचे दोघं कोण हे आधी ओळखावं लागतं, आणि त्यासाठी सर्व्हेवर भरवसा ठेवावा लागतो. २०२५मध्ये जवळपास शेवटपर्यंत बहुतेक सर्व्हे क्युओमो जिंकणार असंच सांगत होते, अगदी अखेरीस एखाद-दुसऱ्याने ममदानी पुढे दाखवले. पण दोघं कोण हे मात्र सगळ्यांचं बरोबर होतं, आणि पाचव्या रकान्यासाठी तेवढंच पुरतं, जिंकणार कोण हे कळायची गरजच नाही.

तांत्रिक भाग पटकन. एकाच उमेदवाराला पाचही नंबर दिले तर ते एकदाच धरलं जातं, जोर वाढत नाही. एकाच रकान्यात दोन गोल काळे केले तर तो रकाना आणि त्याच्या पुढचे सगळे गेले. मधला एखादा रकाना चुकून रिकामा राहिला तर पुढचा नंबर वर सरकतो, घाबरू नका. शहराच्या काही भागांत मतपत्रिका बंगालीतही मिळते, आपल्याकडच्या भाषांपैकी तेवढीच, पण ज्यांच्या घरी वडीलधारी माणसं नागरिक झालीयेत त्यांना ही सोय किती मोठी आहे ते विचारा.

आता मर्यादा, आणि यात मी हात आखडता घेणार नाही. ही मतपत्रिका फक्त शहराच्या पदांच्या प्रायमरीला आणि शहराच्या पोटनिवडणुकांना आहे. महापौर, पब्लिक ॲडव्होकेट, कंट्रोलर, बरो प्रेसिडेंट, सिटी कौन्सिल. बस. काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, प्रायमरीला तोच मतदार, तेच केंद्र, आणि हातात परत एकच शिक्का. २०२२च्या ऑगस्टमध्ये लोअर मॅनहॅटन आणि ब्रुकलिनच्या दहाव्या काँग्रेस मतदारसंघात हेच झालं, डॅन गोल्डमन साधारण २६ टक्क्यांवर जिंकले, युह-लाइन न्यू २४च्या जवळ, तिच्यासारख्याच विचारांचे आणखी उमेदवार मागे प्रत्येकी १७-१८ टक्के घेऊन. जवळपास तीन चतुर्थांश मतदारांनी दुसऱ्याच कुणाला मत दिलं होतं. गोल्डमन पसंतीक्रमातही जिंकले असते का, कदाचित हो, पण त्या मतदारांना ते सांगायची संधीच मिळाली नाही. वर्षभरापूर्वी ज्यांनी पाच नंबर दिले होते त्यांना परत "कोण कोणाची मतं खातंय" या चर्चेत ढकललं, ही सेवा म्हणून मला अर्धवट वाटते.

आणि नोव्हेंबरमध्येही हे नाहीच. २०२५च्या नोव्हेंबरला ममदानी, अपक्ष म्हणून क्युओमो आणि रिपब्लिकन कर्टिस स्लिवा अशी तिरंगी झाली, आणि जूनमध्ये जी भाषा गायब झाली होती ती लगेच परत आली, स्लिवाला मत म्हणजे ममदानीला मत. मतदानाच्या आदल्या दिवशी खुद्द ट्रम्पनी तेच म्हटलं. स्लिवांनी माघार घेतली नाही, त्यांना ७ टक्क्यांच्या आसपास मतं पडली. ममदानी निम्म्याच्या जरा वर गेले त्यामुळे गणिताने फरक पडला नसता, पण स्लिवाच्या प्रामाणिक मतदाराला महिनाभर जे ऐकून घ्यावं लागलं ते जूनमध्ये लँडरच्या मतदाराला ऐकावं लागलं नव्हतं. एकाच वर्षी, एकाच शहरात.

बरं, पसंतीक्रम आला म्हणजे डावपेच कायमचे संपले असंही कोणी सांगत असेल तर ऐकू नका. गिबर्ड आणि सॅटरथ्वेट या दोघांनी १९७३ आणि १९७५मध्ये, स्वतंत्रपणे, गणिताने सिद्ध करून ठेवलंय की तीन किंवा जास्त उमेदवार असतील तर हुकूमशाही (म्हणजे एकाच मतदाराच्या मर्जीने निकाल) सोडून अशी कुठलीच पद्धत नाही जिच्यात खोटा क्रम देऊन कधीच कोणाचा फायदा होणार नाही. प्रत्यक्षात बघायचं असेल तर अलास्का, ऑगस्ट २०२२ची काँग्रेसची पोटनिवडणूक. डेमोक्रॅट पेल्टोला ४०, रिपब्लिकन सेरा पेलिन ३१, रिपब्लिकन बेगिच २८ टक्के. बेगिच बाद, मतं फिरली, पेल्टोला जिंकल्या. पण नंतर सगळ्या मतपत्रिका तपासल्यावर कळलं की बेगिच समोरासमोर दोघींनाही हरवत होते, ते फक्त पहिल्या पसंतीत कमी पडले. म्हणजे पेलिनच्या काही हजार मतदारांनी तिला पहिला नंबर न देता बेगिचला दिला असता तर त्यांना पेल्टोलाऐवजी बेगिच मिळाले असते, जे त्यांच्यातल्या बहुतेकांना जास्त चाललं असतं. मधला, सगळ्यांचा दुसरा असलेला उमेदवार या पद्धतीत चिरडला जाऊ शकतो, ही खरी त्रुटी आहे आणि तीन तुल्यबळ उमेदवार असले की ती डोकं वर काढते. तरी मी पहिल्या रकान्यात हिशोब करू नका असंच सांगेन, कारण हा डाव साधायला कोण कितव्या नंबरवर बाद होणार हे दोन-तीन टक्क्यांच्या आत अचूक माहीत असावं लागतं, आणि ते मतदानाच्या आधी कोणालाही माहीत नसतं. एका शिक्क्याच्या पद्धतीत डाव खेळायला फक्त एवढंच कळावं लागतं की माझा माणूस मागे आहे. तो फरक फार मोठा आहे.

उरला पहिला हिशोब, नोव्हेंबरला कोण टिकेल. त्यावर ही मतपत्रिका काहीच करत नाही, करूही शकत नाही. न्यूयॉर्कमध्ये तो प्रश्न एरवी फारसा येत नाही, इथे नोंदणीकृत मतदारांपैकी जवळपास दोन तृतीयांश डेमोक्रॅट. पण हीच मतपत्रिका उद्या राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीला सगळीकडे दिली तरी "मला आवडते ती, पण..." हे वाक्य तसंच राहील, फक्त पाच रकान्यांत पसरेल. आणि इतिहास बघितला तर लोकांचा तो अंदाज फार काही भरवशाचा नाही. २००४च्या डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या लढतीत आयोवात डीनवर जीव असणाऱ्या अनेकांनी केरीला मत दिलं, कारण युद्धात लढलेला माणूस बुशपुढे टिकेल, केरी हरले. २०१६ला ट्रम्प निवडूनच येऊ शकत नाहीत हे दोन्ही पक्षांतल्या जाणकारांचं मत होतं. २०२०ला बायडेन टिकतील म्हणून निवडले आणि ते जिंकले, हेही खरं. २०१०ला डेलावेअरमध्ये रिपब्लिकन मतदारांनी उलट केलं, माइक कॅसल सहज निवडून येतील असं सगळे सांगत असताना मनाला पटलेल्या क्रिस्टीन ओडॉनेलला तिकीट दिलं आणि नोव्हेंबरमध्ये सिनेटची जागा घालवली. म्हणजे कधी कधी अंदाज इतका उघड असतो की तो न ऐकणं महागात पडतं. माझं मत असं की उमेदवाराच्या बाबतीत ठोस काहीतरी समोर असेल, तर त्याला वजन द्या. पण "लोकांना चालणार नाही" यातले लोक म्हणजे नक्की कोण आणि तुम्हाला ते कसं कळलं याचं उत्तर नसेल तर त्याला शून्य वजन द्या.

सेवा देणाऱ्यांबद्दलही बोलायला हवं. २०२१ला इलेक्शन बोर्डाने पसंतीक्रमाचा पहिला निकाल जाहीर केला तेव्हा त्यात साधारण १ लाख ३५ हजार चाचणीच्या मतपत्रिका काढायच्या राहून गेल्या होत्या, काही तासांत निकाल मागे घ्यावा लागला. पद्धत नवी, लोक आधीच साशंक, आणि त्यात हे. पद्धतीचा दोष नव्हता पण बदनाम पद्धतच झाली. २०२५ला मोजणी नीट पार पडली, २४ जूनला मतदान, १ जुलैला सगळ्या फेऱ्या जाहीर. आठवडा थांबावं लागतं हे काहींना आवडत नाही, मला चालतं.

एक स्टार कापला तो मात्र दुसऱ्याच गोष्टीसाठी. ही प्रायमरी बंद आहे, पक्षात नोंदणी असेल तरच मतपत्रिका हातात. शहरात दहा लाखांच्या वर मतदार कुठल्याच पक्षात नाहीत, आणि महापौर बहुतेक वेळा जूनमध्येच ठरतो, म्हणजे खरी निवड होते तेव्हा हे सगळे बाहेर. आपल्या ओळखीतले बरेच जण असेच आहेत, नागरिकत्व मिळालं, फॉर्म भरताना पक्षाच्या चौकटीत "कोणताच नाही" वर खूण केली कारण तेच सभ्य वाटलं, आणि जूनमध्ये केंद्रावर गेल्यावर कळलं. काही जण पक्ष पटत नसतानाही फक्त प्रायमरीसाठी डेमोक्रॅट म्हणून नोंदवतात, आणि मी त्यांना अजिबात नावं ठेवणार नाही, ज्या दाराने निर्णय होतो त्या दाराने आत जायला माणूस बघणारच. आधीच कुठल्या पक्षात नाव असेल आणि ते बदलायचं असेल तर त्या वर्षीची मुदत १४ फेब्रुवारी असते, जूनच्या कितीतरी आधी, जेव्हा उमेदवार कोण कोण आहेत हेही नीट ठरलेलं नसतं. आपली नोंदणी कुठल्या पक्षात आहे ते राज्याच्या इलेक्शन बोर्डाच्या साइटवर नाव, जन्मतारीख आणि पिनकोड टाकून बघता येतं. जानेवारीतच बघून घ्या.